न रडलेला मुलगा

निरुपमाबाईंचा एक कायदा होता, आणि रावपुऱ्यातल्या त्या मराठी बालमंदिरात तो वर्षानुवर्षं चालत आला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी आयांनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मूल हातात द्यायचं आणि मागे वळून न बघता चालू पडायचं. बाईंचं म्हणणं असं, की पोरं रडतात ती आयांपायी. आई दिसेनाशी झाली की डोळे पुसून खेळायला लागतात. म्हणणं खोटंही नव्हतं. नागरवाड्यातल्या निम्म्या मराठी घरांतली पोरं त्यांनी अशीच आयांच्या कडेवरून ओढून घेतली होती आणि ती पोरं आता बाप्ये होऊन, स्कूटर थांबवून त्यांच्या पाया पडत. त्यामुळे बाईंना काही सांगायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पडलं तरी त्या ऐकून घेतील तर शपथ.

यंदाही तेच. जूनचा उकाडा, अंगाला चिकटलेले कपडे आणि दारात रडारडीचा नुसता बाजार. त्या गर्दीत शिवांगी जगताप मुलाचं बोट धरून उभी होती. तिला अलकापुरीत ऑफिसला पोचायचं होतं.

"टीचर, एक मिनिट. ह्याचं एक सांगायचं होतं."

"मला सगळं कळतं. तुम्ही निघा बघू."

"नाही, पण हा ना घरी..."

"तुम्ही थांबलात की तो रडणार. चला, आवजो!"

शिवांगी गेली. मुलगा रडला नाही. त्याला आत सोडून बाई जमिनीवर लोळण घेणाऱ्या एका मुलीकडे वळल्या. न रडणाऱ्या मुलाकडे पहिल्या दिवशी बघतो कोण? हजेरीत 'पिलाजी जगताप' ह्या नावाला कुणी ओ दिली नाही, पण पहिल्या दिवशी निम्मी पोरं ओ देत नाहीत. बाईंनी गाणी सुरू केली.

डबे उघडायची वेळ झाली तेव्हा एक दप्तर उरलं. त्यावर पिलाजीचं नाव होतं आणि पिलाजी नव्हता.

आधी बाईंना फारसं काही वाटलं नाही. टेबलाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांमागे पाहिलं. मग शेजारच्या मोठ्या वर्गाच्या दारात जाऊन त्यांनी विचारलं, "मोहना, पिलाजी आलाय का गं तुझ्यात?" मोहनाच्या वर्गातही निम्मी पोरं नवी, आणि ती एकीचं नाक पुसण्यात गुंतलेली. तिनं तिथूनच विचारलं, "पिलाजी कोण रे तुमच्यात?" सगळी गप्प. बाई परत फिरल्या.

तेवढ्यात त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं. ते उघडं होतं.

"कांचनबेन!"

"बेन, गेट तो बंद ज हतो," शिपाईबाई म्हणाल्या, आणि मग खाली बघत, "हूं खाली पाणी भरवा गई'ती." पाणी भरायला तेवढी गेली होती म्हणे.

फाटकाबाहेर रावपुऱ्याचा रस्ता. रिक्षा आणि स्कूटर एकमेकींच्या अंगावरून जात होत्या आणि त्यांत चार वर्षांचं पोर कुणाला दिसणार! बाई तशाच धावत सुटल्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला गुजरातीत विचारलं, "भाई, नानो छोकरो जोयो?"

"केवो छोकरो, बेन? शर्ट कया कलरनो?"

बाईंना सांगता येईना. निळा? पिवळा? गोरा की सावळा, केस कुरळे की सरळ, काही म्हणता काही आठवेना. लोळणाऱ्या मुलीच्या फ्रॉकवरचं बदक आठवत होतं, पण ह्या मुलाचा चेहराच डोळ्यांसमोर येत नव्हता. आपण त्याच्याकडे पाहिलंच नाही, हे त्यांना भर रस्त्यात कळलं. त्या कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून "पिलाजी, पिलाजी" ओरडत राहिल्या. लोक थांबून बघत होते. देवा, हा एवढा मिळू दे, परत कुणाच्या आईला एक शब्द बोलणार नाही, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

शेवटी हरून परत आल्या. फोन करणं भागच होतं.

"शिवांगी, मुलगा सापडत नाहीये." पलीकडून फोन कट झाला.

ती आली तेव्हा स्कूटर स्टँडवर लावायचंही तिला सुचलं नाही. स्कूटर फाटकातच आडवी झाली. बाई व्हरांड्यात उभ्या राहून बसलेल्या घशानं अजून हाका मारत होत्या, "पिलाजी! अरे पिलाजी!"

"कुणाला हाका मारताय?" शिवांगी ओरडली. "त्या नावानं त्याला घरात कुणी हाकच मारत नाही! माझ्या सासऱ्यांचं नाव आहे ते. सासूबाईंनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही, मी सासऱ्यांचं कसं घेणार? सकाळी तेच तर सांगत होते!" आणि तिनं जीव खाऊन हाक मारली, "भय्यू!"

"ओ!"

मोहनाच्या वर्गातून. पुढच्याच रांगेतून. तिकडे रडारड कमी होती आणि लाकडी ठोकळे होते, म्हणून तो केव्हाच जाऊन बसला होता.

शिवांगीनं त्याला छातीशी असं आवळलं की तो गुदमरला. निरुपमाबाईंनीही आपल्या सासऱ्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये! त्या त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. शर्ट हिरवा होता.

"बाळा, मी दारात येऊन विचारलं होतं ना रे? पिलाजी कुठंय म्हणून?"

"ते आमचे आबा," तो म्हणाला. "ते फोटोत असतात. आजी रोज बोलते त्यांच्याशी, पण ते ओ देत नाहीत." मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "तुम्ही रडू नका."

शिवांगीनं दप्तर उचललं, मुलाला कडेवर घेतलं, आणि मागे वळून न बघता चालू पडली. उद्या आणाल ना, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही.