संततधार

"तू वळलीस म्हणून बाबांचा श्वास गेला, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"पोथी कशाला? फोन वाजला, मी वळले, पिंडीवरचं अभिषेकाचं पात्र रिकामं झालं, धार तुटली. आणि दुपारी यांना व्हेंटिलेटरवर घातलं."

देवघरासमोर पद्मजाबाई लेकीशी, स्पृहाशी, भांडत होत्या. विमा कंपनीत टायपिस्ट होत्या तेव्हा पान पुरं झाल्याशिवाय त्यांची मान वर होत नसे. फणसवाडीच्या या दोन खोल्यांतही तोच खाक्या. नवरा चिडवायचा, "आमच्या हिची फोडणीसुद्धा संततधार." तेच रमाकांत आता परळच्या इस्पितळात, मेंदूत रक्तस्राव होऊन, बेशुद्ध. यंत्र किती दिवस चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पद्मजाबाई म्हणाल्या होत्या, श्रावण संपेपर्यंत पिंडीवर रोज अखंड धार धरायचा नवस बोललेय, तोवर तरी राहू द्या. आज डॉक्टर पुन्हा विचारणार होते.

स्पृहा कॉलेजात फिजिक्स शिकवते. आईच्या मनातला सल काढावा म्हणून तिनं सकाळचा अभिषेक मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपला होता. तो व्हिडिओ लावून तिनं मोबाइल आईच्या हातात दिला.

पात्राच्या भोकाशी धार काचेच्या कांडीसारखी सलग होती. चार बोटं खाली तिच्यावर फुगवटे आले. दोन फुगवट्यांमधलं पाणी दोऱ्याइतकं बारीक झालं, तुटलं, आणि त्या दोऱ्याचाही एक इवलासा थेंब झाला. पिंडीवर नुसते थेंबच पडत होते.

स्पृहा समजावत राहिली. पाण्याचा पृष्ठभाग सारखा आकसायला बघतो. धार जिथं जराशी बारीक होते तिथं तो जास्तच आवळतो, आतलं पाणी शेजारच्या फुगवट्यात ढकलतो. हात कितीही स्थिर ठेवा, लक्ष कितीही लावा, बारीक धार तुटणारच.

पद्मजाबाईंनी व्हिडिओ परत लावला.

"म्हणजे त्या दिवसाच्या आधीही तुटायची?"

"रोजच. तुझ्या वळण्याचा त्यात काही संबंधच नाही, आई."

"मग माझी धार एकही दिवस पोचली नाही."

"अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं."

पद्मजाबाईंनी मोबाइल पाटावर ठेवला. पदर सारखा केला. खुंटीवरची इस्पितळात न्यायची पिशवी घेतली.

स्पृहा दारापर्यंत मागे आली. "आई, डॉक्टरांना काय सांगणार आहेस?"

पद्मजाबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि कठड्याला धरून त्या जिना उतरू लागल्या.