तुमची कुठली तेवढी दाखवा

आमच्या गावच्या रुद्रभूमीत आता चालण्याचा ट्रॅक होणार, व्यायामाची साधनं बसणार आणि मधोमध लाल बदामासकट गावाचं नाव उजळणार. सेल्फीसाठी! मेलेल्या माणसांच्या डोक्यावर उभं राहून दात काढायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा अजून सत्कार कसा झाला नाही, याचंच मला नवल वाटतं.

मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव. आम्हा लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. हातात लिंग देऊन, मांडी घालून बसवून पुरतात. नंदी कोरलेले काही दगड तर पणज्याच्याही आधीचे. पिढ्यान्‌पिढ्या बसलेली ही माणसं, आणि पंचायतीच्या लेखी ती जागा काय? पडीक!

जेसीबी आल्याचं कळलं तसा मी मिरजेतलं दुकान उघडं टाकून गाडीवरून सुटलो. पोचलो, उतरलो आणि जे दणदणीत भाषण ठोकलं, ते सगळं हेल्मेटच्या आतच झालं. कुणाला एक अक्षर कळलं नाही.

पंचायतीचा सदस्य आमच्याच भावकीतला, माझ्या निम्म्या वयाचा. मी हेल्मेट काढेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अण्णा, उगा तापू नका. तुमची कुठली तेवढी दाखवा. ती सोडून सपाट करतो."

टोपलीतली वांगी निवडून घ्या म्हणावं तसं! माझं डोकं फिरलं. पण प्रश्न बापाचा होता. ताडताड चालत लिंबाखालच्या समाधीपाशी गेलो, दगडावर हात ठेवला आणि गरजलो, "ही माझ्या बापाची! हात लावून दाखव!"

"आवं अण्णा, हात काढा की," मागून आवाज आला. शेजारच्या गल्लीतली म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "ती माजी सासू हाय."

"काय?"

"तुमच्या वडलांचा लिंब पलीकडं हुता. महापुरात पडला त्यो. म्हंजे दरसाली हितं तंबाखूची पुडी ठेवनारं तुमीच व्हय? मी आपली सुनांवर डाफरतीया! लय कडक बाई हुती. वासानंच उठून चालाय लागली आसती."

जेसीबीचा ड्रायव्हर पोट धरून हसला.

मी पलीकडं पाहिलं. गाळ, घाणेरीची झुडपं, कलंडलेले सारखेच दगड. एरवी अशा फजितीवर मी घरच्यांना आठवडाभर हसवलं असतं. त्या दिवशी मात्र अंगाची आग झाली. बापाची जागा चुकणारा नालायक मी, कबूल. पण ज्यांची दाखवायला मागं कुणीच उरलं नाही, त्यांनी काय ट्रॅकच्या भरावात जायचं?

"तुझ्या आज्याची कुठली रं?" मी सदस्याला विचारलं.

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि मोबाईल काढला. जसं काही गुगल सांगणार होतं.

"तुज्या मशिनच्या चाकाखाली आसंल बघ," म्हातारी म्हणाली.

ड्रायव्हरचं हसू थांबलं. कुणी न सांगता त्यानं मशिन मागं घेतलं आणि कुंपणाबाहेर नेऊन उभं केलं.

सोमवारी ग्रामसभा आहे. ज्याला समाधी राखायची असेल त्यानं यावं आणि आपापली नेमकी जागा सांगावी, असा निरोप आलाय. मी जाणार. एकाही दगडाला हात लावू देणार नाही. कारण त्यातला एक माझ्या बापाचा आहे, आणि कुठला ते मला माहीत नाही.