सातवं कडवं

माझा गळा गोड आहे असं लोक वीस वर्षं सांगतायत, आणि वीस वर्षांत माझी मंगलाष्टकं कुणी सलग ऐकलेली नाहीत. इंदापूर-बारामतीकडची लग्नं ज्यांनी पाहिलीत त्यांना कारण सांगायला नको. एक कडवं संपून अक्षता पडल्या की निवेदक माइक ओढून घेतो. अमक्या गावचे माजी सरपंच आलेत, तमक्या सोसायटीचे चेअरमन आलेत, त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं. ते होईपर्यंत मी सूर धरून उभी. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभे. मग दुसरं कडवं, की परत दुसरे सरपंच.

हे सगळं मी हौसेनं करते. शाळेत असताना पेटी शिकले होते, बायकांच्या भजनी मंडळात गाते. भावकीत लग्न निघालं की वडील, चुलते, मामा यांची नावं गुंफून सात कडवी मीच लिहिते. आठवं भटजींचं, संस्कृतातलं.

मागच्या वर्षी माझ्या दादाच्या मुलीचं ठरलं. दादा माळेगावला राहतो. साखरपुडा झाला, भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, ह्या टायमाला गाणं घरीच मोबाइलात भरून द्या की."

"का? मी उभी राहून म्हणते की."

"तुमी म्हणता, पर मला काय ऐकू येतंय? मी मागं तुळशीपाशी. नुसती पुढाऱ्यांची नावं येत्यात. भरलेलं असलं म्हंजी मधी कोण बोलणार न्हाय."

लेकीचं लग्न लागताना आईनं बघायचं नाही, मागं जाऊन तुळशीला पाणी घालत राहायचं, ही आमच्याकडची रीत. मुलीला पंचवीस वर्षं वाढवायची आणि नेमक्या त्या घटकेला तांब्या घेऊन कार्यालयाच्या मागच्या अंगाला उभं राहायचं. बाप मात्र फेटा बांधून पुढं. ही रीत कुणी घातली तो मला भेटायला हवा होता. वहिनींना लग्न दिसणार नव्हतंच. ऐकायला तरी मिळावं, एवढंच त्या मागत होत्या.

"भरून देते," मी म्हणाले. "आणि सातवं कडवं तुमचं."

"माझं? बाईमाणसाचं कुठं असतंय मंगलाष्टकात?"

"ह्या वेळी हाय."

तिथून माझ्या घरात जे सुरू झालं त्याला आमचे हे अजून 'स्टुडिओचं खूळ' म्हणतात. कॉलरला लावायचा छोटा माइक मागवला. आतल्या खोलीत साड्यांचं कपाट उघडं टाकलं, खिडकीला दोन गोधड्या ठोकल्या, दाराला गादी लावली, म्हणजे आवाज घुमत नाही. ह्यांच्या मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि माझ्या मोबाइलवर गाणं भरायचं, असा बेत.

पण आमचं घर रस्त्याला, आणि दिवस उसाचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेले, आणि प्रत्येकाच्या टपावर गाणी लावलेले कर्णे. गोधड्यांतून, गादीतून ती गाणी माझ्या कडव्यात घुसायची. बरं, ट्रॅक्टर थांबले की शेतीपंपाची थ्री फेज लाइट यायची आणि शेजारच्या विहिरीवरची मोटर घुं घुं सुरू व्हायची. मोटर थांबली की सासूबाई दाराबाहेरून, "अगं, कुणाला हाका मारतीयास?" आणि एकदा सगळं जुळून आलं, सहा कडवी निर्मळ झाली, तर तानपुऱ्याच्या जागी ह्यांचा फोन वाजायला लागला. सोसायटीच्या मीटिंगचा.

मी गादी लाथेनं पाडली. "तुमच्या मीटिंगा माझ्या गळ्यातच भरायच्या का?" असं ओरडले. हे म्हणाले, "एवढं काय त्यात? परत म्हण की." परत म्हण! सात कडवी एका दमात म्हणून बघा म्हणावं, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या आणि पंखा बंद, कारण पंख्याचाही आवाज येतो. त्या दिवसापासून मी त्यांचा मोबाइल विमानात बसल्यावर ठेवतात तसा, फोन येणार नाही असा करून घ्यायला शिकले, आणि ते माझ्यावर फुगून बसले. बसू देत.

अकराव्या दिवशी दुपारी जमलं. ट्रॅक्टर नाही, मोटर नाही, सासूबाई झोपलेल्या. सातव्या कडव्याला माझा आवाज जरासा कापला, पण मी तो तसाच ठेवला.

ज्या हाती चढली तुला हळद ही, ती ना बघे सोहळा
दारामागुन ऐकते तुळशिच्या पाशी उभी माउली

ऐकून मीच कितीतरी वेळ साड्यांच्या कपाटाला टेकून बसले. आपला आवाज असा आहे, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

लग्न बारामतीच्या कार्यालयात. मी स्टेजवर चढायला निघाले तर दादा म्हणाला, "तू कशाला? रेकॉर्डिंग हाय की. पाहुण्यांना जागा लागतीया." मी खाली बायकांत बसले. निवेदकाच्या मोबाइलवरून गाणं सुरू झालं. मोठ्या कर्ण्यांतून माझा आवाज आला आणि पहिली दोन कडवी सगळा मांडव गप्प होता. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्याला बाहेर गाडी थांबली, आणि निवेदकानं बोट टेकवून गाणं बंद केलं.

तेव्हा मला आमची चूक कळली. भरलेल्या गाण्यात मधे कुणी बोलत नाही, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. उभी राहून गात होते तेव्हा निदान कडवं पुरं होईपर्यंत तो थांबायचा, माणसाच्या तोंडावर हात ठेवायची लाज वाटायची. मोबाइलची कसली लाज? अर्ध्या ओळीवर, अर्ध्या शब्दावर बंद. सत्कार, शाल, नारळ, मग परत चालू. चौथ्याला बंद. पाचवं कसंबसं पुरं झालं आणि कुणी मोठे पुढारी आले. दादा फेटा सावरत धावला. पुढाऱ्यांनी आशीर्वादाचे दोन शब्द म्हणून दहा मिनिटं घेतली. भटजी घड्याळ दाखवत होते, मुहूर्त टळत होता. निवेदक म्हणाला, "वेळेअभावी आपण थेट शेवटच्या मंगलाष्टकाकडं वळूया."

वेळेअभावी! मी उठून "अहो, दोन राहिलीत!" असं ओरडले. चार माणसांनी वळून बघितलं, एक बाई म्हणाली, "बसा की आता." भटजींनी आठवं म्हटलं, अक्षता पडल्या, बँड वाजला.  मी मांडवाच्या मागं गेले.

वहिनी तुळशीपाशी तशाच उभ्या होत्या. तांब्या रिकामा झाला होता तरी तिरका धरलेला. मांडवातल्या गलक्यात निवेदकाचं शेवटचं बोलणं आणि भटजींचं आठवं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "बँड कशापायी लावलाय? दोन राहिल्यात ना अजून?"

"लग्न लागलं, वहिनी."

 त्यांनी तांब्या तेवढा सरळ केला. मी मोबाइल काढला, आवाज मोठा केला, सातवं कडवं लावलं आणि त्यांच्या कानाला धरलं. दुसऱ्या कानावर माझा तळहात दाबला. त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात दादा शोधत आला. "ही हितं काय करतीया? पाहुणे निघाल्यात, सत्काराला उभं ऱ्हायचंय, चल म्हणावं तिला."

"थांब," मी म्हणाले. "संपलं न्हाय अजून."

"काय संपलं न्हाय?"

"तुझ्या पाहुण्यांपायी बंद केलेलं."

तो फेटा घालून, हातात शाल घेऊन उभा राहिला. कडवं संपलं. वहिनींनी डोळे उघडले, नवऱ्याकडं बघितलं आणि परत मिटले.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासनं लावा."