जेऊरच्या शेतघरात पाचवी मैत्रीण

थंडी पडली की उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. गुडघे ऐकतायत तोवर बघून घेऊ, असं आम्ही कॉन्व्हेंट शाळेतल्या चौघी मैत्रिणींनी ठरवलं आणि सोलापूरहून सकाळची गाडी पकडली. जेऊर स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते. भाडं आधी बोलून घ्या. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता पार उखडलाय, पण दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा बघत वेळ जातो.

रजियाभाभींचं शेतघर पाण्याच्या काठाशीच आहे. दोन खोल्या, चार खाटा. दारावर पाटी: 'मुक्कामी पाहुणे चार.' जेवण भाड्यातच. ज्वारीची भाकरी आणि तळलेली चिलापी मासळी मागून खा.

आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात फाटकाशी दुसरी रिक्षा थांबली. उतरली लिली! आमच्यातल्या सुषमानं तिला गुपचूप पुण्याहून बोलावलं होतं. होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी, अंधारात प्रार्थनेची चाल गुणगुणणारी लिली आता मुलीकडे कॅनडाला कायमची चालली होती. आम्ही शाळकरी मुलींसारख्या किंचाळलो.

भाभींनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, "दिवसभर ऱ्हावा, जेवा. मुक्कामाला मात्र चारच."

"आम्ही अ‍ॅडजस्ट करू हो," सुषमा म्हणाली. "होस्टेलला एका गादीवर तिघी झोपायचो."

"तवा बारीक असाल की!" भाभी हसल्या, पण बधल्या नाहीत. "मागं पलीकडच्या घरात लई मोठी पार्टी उतरवली. संडासाचा शोषखड्डा भरून घाण माझ्या जावंच्या बोअरला लागली. ग्रामसभेत मीच उभी ऱ्हायले, म्हणलं घरागणिक आकडा ठरवा. आता मीच मोडू व्हय?"

सुषमानं दुप्पट भाडं देऊ केलं. भाभी भाकऱ्या थापायला उठून गेल्या.

मलाही राग आला होता. एका बाईनं असं काय बिघडणार? तेवढ्यात बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन एक बाई गेली. "तीच माझी जाऊ," आतून भाभी म्हणाल्या. "बोअरचं पाणी आजून पीत न्हाय."

लिली बॅग उचलायला लागली. मी तिचा हात धरला. "गप्प बस. माझं घर सोलापुरात आहे. मी जाते, सकाळी येते."

"म्हणजे माझ्यासाठी तू..."

"सगळी शाळाभर माझ्याशी भांडलीस, आता तरी ऐक!"

भाभींनी भाकरी-चटणी बांधून दिली. "सकाळी लवकर या बाई. दिवसाला आकडा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत जेऊरला गेले. लिली काठावर माझी वाट बघत होती. ऊन चढलं तसा थवा उडाला आणि पंखांखालचा लाल रंग एकदम उघडला. लिली माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली. निघताना भाभींच्या जावेनं लिलीच्या पिशवीत पेरू भरले. "तिकडं असलं गोड मिळायचं न्हाय," म्हणाली.

लिली आता कॅनडात आहे. शेजारशेजारच्या खाटांवरची ती एक रात्र हुकली, याची हळहळ मला राहील. तरी तुम्ही जाणार असाल तर आकडा आधी विचारा आणि तेवढ्याच जणी जा. भाभींनी मान डोलावली असती, तर आम्ही पाचही जणी मजेत गप्पा मारत झोपलो असतो आणि बांधावरच्या त्या हंड्याकडे एकीनंही पाहिलं नसतं.