जाळीच्या दारांमागचं ऑफिस

मी बगरूच्या छपाईवाल्यांशी भांडले आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडले आहे, पुण्याच्या दुकानदारांशी तर अजूनही भांडते. भाव करायची माझी एकच पद्धत. आपला शेवटचा आकडा सांगायचा आणि उठायचं. मागे वळून बघायचं नाही. दुकानाची पायरी उतरेपर्यंत हाक येते. नाही आली तर तो माल त्या भावात मिळणारच नव्हता असं समजायचं आणि पुढचं दुकान गाठायचं. घरात ही पद्धत चालत नाही. घरातून उठून जायचं कुठे? म्हणून घरातल्या एका खोलीसाठी मला कित्येक वर्षं घासाघीस करावी लागली. आता ते आठवलं तरी दमायला होतं.

यांची जयपूरला बदली झाली आणि आम्ही मालवीय नगरमध्ये फ्लॅट घेतला. हे विमा कंपनीत अधिकारी. आमच्या ओळखीतली मराठी घरं बहुतेक अशीच होती, विम्यातली, बँकेतली, केंद्र सरकारातली. बायकांची ओळख नवऱ्याच्या हुद्द्यावरून व्हायची. मी जयपूरजवळच्या बगरू गावाहून हातछापाच्या चादरी आणून विकायला लागले तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. ‘वेळ छान जातो ना?’ असं विचारायच्या. वेळ घालवायला कोणी भर मे महिन्यात बसच्या टपावर गठ्ठे चढवत नाही. पण मी हसून ‘हो’ म्हणायचे, कारण त्यांतल्या निम्म्या जणी माझं गिऱ्हाईक होत्या.

दोन हजार सालानंतर धंदा हळूहळू पोस्टावरून आणि फोनवरून कॉम्प्युटरवर आला. परदेशातली एक दुकानदारीण माझ्याकडून नियमित माल घ्यायला लागली. तिला चादर हातात घेऊन बघायची नसे, आधी फोटो हवा असे. मग कॉम्प्युटर आला, त्याचा तो मोठा डबा मॉनिटर आला, प्रिंटर, फॅक्स, आणि वीज गेली तर चालणारा यूपीएस. सगळं हॉलच्या कोपऱ्यात, जेवणाच्या टेबलाशेजारी. वायरींचा नुसता गुंता.

‘हे घर आहे की सायबर कॅफे?’ यांनी विचारलं.

‘मग आतली खोली द्या.’

‘ती त्याची आहे.’

तो म्हणजे आमचा मुलगा. तोपर्यंत तो पुण्याला आयटीत नोकरीला लागला होता. वर्षातून दिवाळीला यायचा, कधी उन्हाळ्यात एखादी चक्कर. त्याच्या खोलीत पलंग होता, बॅट होती, अभ्यासाचं चांगलं रुंद टेबल होतं आणि त्या टेबलावर धूळ होती. ती मीच पुसत होते.

‘तो आला की झोपेल कुठे?’

‘पलंगावर. माझी मशिनं काही पलंगावर झोपणार नाहीत.’

‘त्याला परकं वाटेल,’ हे म्हणाले आणि पेपर वर धरला. पेपर वर गेला की आमच्याकडे सौदा संपतो.

मग मी ठरवलं की कोपरा तर कोपरा, पण असा करीन की तिथे ऑफिस आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. रागाच्या भरात ठरवलं होतं, पण काम मन लावून केलं. खातीपुऱ्यात एक सुतार होता, जुन्या धर्तीची कपाटं करायचा. त्याच्या वखारीत भिंतीला टेकवून ठेवलेली शिसमाची दोन दारं मला दिसली. वर महिरप, मध्ये बारीक जाळी, खाली वेलबुट्टी. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी साध्या दारांचा भाव विचारला. शेवटी जाता जाता म्हणाले, ‘और ये वाले?’

‘ये तो मंदिर के लिए बने थे, बाईजी. घर के मंदिर के. पार्टी लेने ही नहीं आई.’

‘कब से नहीं आई?’

त्याने दारांवरची धूळ फडक्याने झटकली. मला तेवढंच हवं होतं.

‘तो मंदिरवाला तो अब आएगा नहीं. मैं ले जाती हूँ. मेरे कंप्यूटर को लगेंगे.’

‘कंप्यूटर को?’ तो हसला. ‘आप तो भगवान से भी मोलभाव कर लोगी.’

‘भगवान मोलभाव करता, भैया, तो दारं इथे पडली असती का?’ मी अर्धं मराठीत बोलले, त्याला अर्धं कळलं, आणि मी उठून निघाले. हाक आली. जाळीमुळे आत हवा खेळेल, मशीन तापणार नाही, हा हिशेब मी आधीच केला होता.

त्या दारांना शोभेल असं कपाट त्याने भिंतीच्या मापाने बनवलं. मॉनिटर आत, मधल्या फळीवर. कीबोर्ड खालच्या सरकत्या फळीवर. प्रिंटर पितळी कड्यांच्या खोट्या खणामागे, ओढला की बाहेर. वायरी मी कपाटाच्या मागून नेल्या आणि जिथे त्या दिसत होत्या तिथे बगरूच्या काळ्या-तांबड्या छापाच्या कापडाच्या पट्ट्या शिवून त्यांत ओवल्या, म्हणजे पडद्याची दोरी वाटावी. फॅक्सवर रजईच्या कापडाचं झाकण. टेलिफोनचं खोकं निळ्या चिनी मातीच्या सुरईमागे. बसायला खुर्ची नाही, बुटकं स्टूल, दारं लावली की ते दिवाणाखाली जायचं. एकदा दारं लावली की हॉलमध्ये फक्त एक देखणं कपाट उरायचं. येणारा म्हणायचा, वा, काय जागा सजवली आहे. काम कुठे करता असं कोणी विचारायचं नाही. मीच तसं करून ठेवलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

त्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडे होतं. जयपूरला त्या दिवसांत सगळं शहर गच्चीवर असतं, पतंग आणि ‘वो काटा’च्या आरोळ्या. पतंगाचा मांजा विजेच्या तारांवर पडतो आणि गल्लीची वीज जाते, हेही नेहमीचं. त्याच दिवशी दुपारी माझ्या परदेशी बाईचा मेल आला होता. चादरीच्या काठाचा तांबडा रंग तिला जास्त गडद हवा होता. बगरूच्या माणसाने तो पुन्हा करून दिला होता, आणि त्याचे फोटो तिला रात्रीच्या आत हवे होते, नाहीतर ती सांगानेरच्या दुसऱ्या कोणाला ऑर्डर देणार होती. दिवेलागणीला मी फोटो लावले, पाठवायचं बटण दाबलं. तेव्हाचं इंटरनेट. मेल मुंगीच्या पावलाने निघाला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी जाळीची दारं लावून घेतली आणि मशीन आत चालू ठेवलं.

बायका आल्या. यांचे साहेब पत्नीला सोडायला आले होते, ते चहाला थांबले आणि यांच्याबरोबर सोफ्यावर बसले. मी यांच्या साहेबांच्या पत्नीला मनातल्या मनात साहेबीणबाई म्हणायचे. मोठ्या मनाच्या होत्या, पण त्या बसल्याशिवाय कोणी बसत नसे. त्यांची नजर कपाटावर गेली.

‘अगबाई, किती सुरेख देवघर. आणि आत दिवाही तेवतोय.’

जाळीतून यूपीएसचा बारीक लाल दिवा दिसत होता. मी सांगायला तोंड उघडलं. पण सोफ्यावरून हेच आधी बोलले.

‘हो. तो अखंड असतो.’

मी यांच्याकडे बघितलं. हे चहाच्या कपात बघत होते.

साहेबीणबाई उठल्या, करंड्यातलं हळदकुंकू बोटावर घेऊन दोन्ही दारांना लावलं, कपाटाच्या पुढ्यात तिळगूळ ठेवला, हात जोडले. त्या उठल्या म्हणून बाकीच्याही उठल्या आणि रांगेने नमस्कार करायला लागल्या. मी गुलाबदाणी धरून उभी. आत माझी ऑर्डर निघाली होती आणि बाहेर माझ्या धंद्याला देव करून गप्प बसवलं होतं.

वर गच्चीवर मोठा गलका झाला आणि वीज गेली. पुढच्याच क्षणी देवघरातून आवाज यायला लागला. टूं. टूं. टूं.

‘आत काय वाजतंय?’ साहेबीणबाई म्हणाल्या.

‘घंटा आहे,’ हे म्हणाले. ‘विजेवरची. हल्ली मिळते.’

‘पण वीज तर गेली,’ साहेब म्हणाले.

टूं-टूंचा वेग वाढत होता. बॅटरी जुनी झालेली, ती किती वेळ टिकते हे मला माहीत होतं. मी गुलाबदाणी टेबलावर ठेवली, ‘सरका जरा’ म्हणाले, दिवाणाखालून स्टूल ओढलं आणि दारं उघडली. मेल अजून जातच होता. हॉलमध्ये तेवढाच उजेड होता, आणि सगळ्या जणी त्या उजेडात माझ्या मागे उभ्या. मी बसून राहिले. मेल गेला, गेल्याची ओळ आली, आणि मग पडदा काळा झाला.

‘म्हणजे हे देवघर नव्हेच,’ साहेबीणबाई म्हणाल्या.

‘नाही. माझं ऑफिस आहे.’

हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला.

‘मग आम्ही पाया कोणाच्या पडलो?’ मागून एकीने विचारलं.

‘कॉम्प्युटरच्या,’ दुसरी म्हणाली, आणि अंधारात हशा पिकला.

साहेबीणबाईही हसल्या. ‘पडलो तर पडलो. दसऱ्याला गाडीला हार घालतोच की आपण.’ आणि त्यांनी राहिलेलं कुंकू मॉनिटरच्या कडेला लावलं. जाताना त्यांनी दोन चादरींचा भाव विचारला आणि पाडून मागितला. मी पाडला नाही. त्यांनी घेतल्या.

दार लागल्यावर हे म्हणाले, ‘सगळ्यांसमोर उघडायची काय गरज होती?’

‘घंटा म्हणायची काय गरज होती?’

‘मग काय सांगू साहेबांना?’

‘बायकोचं ऑफिस आहे म्हणून सांगा.’

‘ऑफिसात मी जातो,’ हे म्हणाले. रागावून नव्हे, अगदी सरळ. ‘हॉलच्या कोपऱ्याला कोणी ऑफिस म्हणत नाही.’

‘म्हणूनच खोली मागते आहे.’

पेपर वर गेला.

ऑर्डर मला मिळाली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्यानंतर मुलगा दिवाळीला आला की मी मुद्दाम लक्ष ठेवायचे. तो रात्री मॅच बघत हॉलमधल्या दिवाणावरच झोपून जायचा. खोलीतली चादर घडी न मोडता पडून राहायची. मी ती घडी यांना एकदा दाखवली. हे म्हणाले, ‘दमतो बिचारा प्रवासाने.’ खोली मागायची ती मी अधूनमधून मागत राहिले, पण आवाजात आता जोर नसायचा. बाहेर दिवसभर भाव करून आलेल्या माणसाला घरी पुन्हा तेच करायला लावलं की तो निम्म्यातच सोडून देतो.

पुढे मशिनं लहान होत गेली. मुलाने मला लॅपटॉप आणून दिला. प्रिंटर आणि फॅक्स एकाच छोट्या पेटीत आले. ज्या अवजड वस्तूंना लपवण्यासाठी मी एवढा खटाटोप केला, त्या भंगारवाला घेऊन गेला, आणि शिसमाचं कपाट अर्धं रिकामं झालं. दरम्यान हे निवृत्त झाले, पूजा आता सावकाश व्हायला लागली, आणि स्वयंपाकघरातली देवांची फळी यांना अपुरी वाटायला लागली. एका सकाळी ओल्या केसांनी हे कपाटासमोर उभे राहिले. जाळीवरून हात फिरवला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

गिऱ्हाईक मालासमोर असं उभं राहिलं की मला ते पाठीवरून कळतं.

‘हे आता रिकामंच असतं,’ हे म्हणाले. ‘देव इथे मांडले तर?’

‘कपाट घ्या,’ मी म्हणाले. ‘खोली द्या.’

‘त्याला विचारायला हवं.’

मी लॅपटॉप मिटला, पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. बगरूची बस पकडावी की गल्लीच्या टोकाशी नुसतं उभं राहावं, हेही नाही. जिना उतरताना गुडघा दुखत होता. खालच्या मजल्याचं दार मागे गेलं. फाटकापाशी आले तेव्हा वरून हाक आली.

‘अगं, ऐक.’

मी वळले नाही. पण थांबले.

‘घे खोली,’ हे गॅलरीतून म्हणाले. ‘चल वर. चहा झालाय.’

संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मतलब, ती अजून तशीच होती? मला वाटलं, तू केव्हाच घेतलीस, आई.’ मी फोन यांच्याकडे दिला.

त्या खोलीत मी काहीही सजवलं नाही. वायरी भिंतीवरून उघड्या जातात, प्रिंटर टेबलाच्या मध्यावर पांढऱ्या प्लास्टिकचा तसाच बसला आहे, यूपीएस पायाशी, नमुन्यांचे गठ्ठे पलंगावर. काही झाकण्याची ताकद आता नाही आणि हौसही नाही. हॉलमध्ये शिसमाच्या दारांमागे देव आहेत, ज्यांच्यासाठी ती दारं झाली होती. हे सकाळी खरी घंटा वाजवतात.

कोणी आलं की हे पाहुण्याला आधी ते देवघर दाखवतात. मग पाहुणा विचारतो, ‘आणि वहिनी?’

‘आत आहे,’ हे म्हणतात.

कामात आहे, ऑफिसात आहे, असं नाही. दार लावलेलं असलं तरी मला ऐकू येतं. उठावं, बाहेर जावं आणि हेही एकदा मागून घ्यावं असं मनात येतं. तेवढ्यात बगरूहून फोन येतो, की काठाचा तांबडा रंग या वेळी फिका उतरला आहे, चालेल का. मी सांगते, चालणार नाही.