टाचांचा ठेका

लेकीकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये अमेरिकन गुराख्यांचा नाच बघितला. रुंद टोप्या आणि उंच बूट घातलेली साठी-सत्तरीची जर्मन माणसं रांगेत एका ठेक्यावर टाचा आपटत होती. चेहऱ्यावर हसू नाही, सोवळ्यातल्यासारखी शिस्त. माझा जावई अमेरिकेतल्या खेड्यातला. तो हौसेनं रांगेत शिरला, तर शिकवणाऱ्या बाईंनी त्याला थांबवलं.

"असं नाही. तुमच्याकडचे लोक विसरलेत आता."

जावई हसला. "खरंय, आमच्या गावात हल्ली कुणी नाचत नाही."

मला मात्र गेलेल्या माणसाचे कपडे कुणीतरी कडक इस्त्री करून घालावेत, तसं वाटलं. आपलं काही परक्याला इतकं चोख यायला लागतं, ते आपल्या घरातून गेल्यावरच का?

टाचा वाजतच होत्या. बाई माझ्याकडे वळल्या. लेकीकरवी विचारलं, "तुमच्याकडे बायका काय नाचतात?"

"झिम्मा!" मी तोऱ्यात उठले, टाळीसाठी हात पुढे केले, पहिली ओळ म्हटली. दुसरी काही केल्या आठवेना.

बाई हात पुढे धरून उभ्या होत्या. त्यांना मुळीच घाई नव्हती.