दारूचा वास आणि डावी बाहुली

डॉक्टरीणबाईंना दारूच्या वासाची मनस्वी किळस, आणि नोकरी मिळाली ती नेमकी अपघात विभागात. पोलीस ज्याला उचलून आणतील त्याच्या तोंडाशी नाक नेऊन तो प्यायलाय का, हे सांगायचं. डोळ्यांत बॅटरी मारायची, सरळ रेघेवर चालवायचं, रक्त काढायचं. लहानपणी मामाने ओकून भरवलेली मोरी त्यांनाच धुवावी लागे. तेव्हापासून तो आंबूस भपकारा आला की त्या तोंड फिरवायच्या.

विभागात एक कायमचं गिऱ्हाईक होतं. दवाखाना वाडवडिलांनी बांधल्यासारखा खाटेवर पसरायचा, म्हणून सगळे त्याला जहागीरदार म्हणत. आल्या आल्या तो समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

एका दुपारी हवालदाराने त्याला स्ट्रेचरवर आणलं. छातीवर ओकारी वाळलेली, विजार ओली, तोंडावर माश्या.

"नेहमीचंच, मॅडम," हवालदार म्हणाला. "बाजारामागच्या गटाराशी पडला होता. प्यायलाय एवढं लिहून द्या, म्हणजे मी सुटलो."

"कोपऱ्यात टाकू या," सिस्टर नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "उतरली की जाईल उठून."

बाईंनाही तेच हवं होतं. त्यांनी लांबूनच हुंगलं. वास होताच. लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की जहागीरदाराने अजून कुणाला शिवी दिलेली नाही.

"काय हो, आज तोंडाला कुलूप?"

तो नुसता कण्हला. दुखलं की हलतो का, हे बघायला त्यांनी छातीवर बोटं दाबली. डावा हात हलला, उजवा तसाच पडून राहिला. बोटाला टोचून साखर बघितली, ती ठीक होती. मग नाइलाजाने, श्वास रोखून, त्यांनी चिपडांनी चिकटलेल्या पापण्या उघडल्या. उजेड पडताच उजवी बाहुली बारीक झाली. डावी मोठीच्या मोठी राहिली. ओकारीने चिकटलेल्या केसांत बोटं घालताना त्यांना शिसारी आली. कानाच्या वर लिबलिबीत सूज हाताला लागली.

"स्कॅनला न्या, आत्ताच्या आत्ता! डोक्यात रक्तस्राव झालाय."

"अहो, पण वास तर..." हवालदार म्हणाला.

"वास आहेच. प्यायलाय आणि आपटलाय. एक आहे म्हणून दुसरं नाही, असं कुठंय?"

एवढ्यात तो भडाभडा ओकला, ते थेट बाईंच्या बाहीवर. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, श्वास चालू आहे ना ते पाहिलं, त्याला सिस्टरांच्या हवाली केलं आणि बेसिन गाठून स्वतःच ओकल्या.

स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसली. लगेच ऑपरेशन झालं.

संध्याकाळी त्याची बायको आली. लॉण्ड्रीत कामाला होती. साबणाने बोटांची सालं गेलेली.

"वाचणार का?"

"वाचतील," बाई म्हणाल्या. ही आता हात जोडणार, अशी त्यांची अपेक्षा होती. ती मटकन बाकावर बसली.

"तुम्ही बघितलंच नसतं तर?"

"तर गेले असते."

"पोरी आज निवांत झोपतील असं वाटलं होतं मला," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "ओकारी आम्हीच काढतो हो. मार खाऊन झाल्यावर."

बाई तिच्याशेजारी बसल्या. मग दवाखान्यातल्या समाजसेविकेला बोलावून आणलं. जहागीरदार खाटेवर असेपर्यंत तिने बायकोची आणि पोरींची दुसऱ्या गावी, बायकोच्या थोरल्या बहिणीकडे सोय लावून दिली. बहिणीच्या यजमानांनी आधी कुरकुर केली, मग एक खोली रिकामी केली.

घरी सोडायच्या दिवशी जहागीरदार टाके पडलेलं डोकं घेऊन बाईंच्या टेबलाशी आला. तोंडाला वास होता. आणून कुणी दिली, देव जाणे.

"माझी बायको कुठंय? तुम्हाला ठाऊक आहे, सिस्टर बोलल्या."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"मला काही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "टाके ओले करू नका. जा आता."